ज्ञानूच्या मित्राची घोंगडी

रुद्रप्पाच्या दुकानाला सील लागलेलं ज्ञानू मेटकरीनं सायकलवरून पाहिलं आणि तो थांबला नाही. थांबला असता तर कुणीतरी विचारलं असतं, ‘का थांबलात?’ आणि त्याचं उत्तर ज्ञानूकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण द्यायचं नव्हतं. म्हणून तो भवानी पेठेच्या टोकापर्यंत गेला, काहीतरी विसरल्यासारखा कपाळावर हात मारून परत वळला, पुन्हा दुकानावरून गेला, पुन्हा काहीतरी विसरला आणि पुन्हा वळला. शेवटी समोरचा पानवाला म्हणाला, “साहेब, आज लई विसरायलाय तुमी.”

तेवढ्या येरझाऱ्यांत त्याला बघायचं ते बघून झालं होतं. कुलपाला फडकं गुंडाळून त्यावर लाल लाख थापली होती आणि फळीवर कोर्टाचा कागद डकवला होता. रुद्रप्पानं नादारीचा अर्ज केलेला असून दुकानातला सगळा माल कोर्टाच्या ताब्यात आहे, असा त्याचा अर्थ होता. पेठेच्या भाषेत, रुद्रप्पाचं दिवाळं निघालं होतं.

आता रुद्रप्पा हा काही लबाड माणूस नव्हे. कपाळावर भस्माचे पट्टे, पायात साधी चप्पल, बोलणं गोड. चादरी, टॉवेल, सतरंज्या विकायचा. त्याच्यात खोट एकच होती, त्याला उधारी मागायची लाज वाटायची. उधारीवालं गिऱ्हाईक रस्त्यानं येताना दिसलं की तो बिचारा लगेच आतल्या खोलीत जाऊन लपायचा. पैसे ज्यानं द्यायचे तो ऐटीत रस्त्यानं चाललाय आणि ज्याला मिळायचे तो गाठोड्यामागे लपलाय, असा धंदा किती दिवस चालणार? चालला तेवढा चालला.

ज्ञानूला घोर लागला तो मात्र त्या आतल्या खोलीचा. तिथं चादरींच्या मागं घोंगड्यांचा एक मोठा गठ्ठा होता आणि तो रुद्रप्पाचा नव्हता. तो जांगड होता. जांगड म्हणजे माल आपला, दुकान दुसऱ्याचं. खपला तर दुकानदारानं आपला हिस्सा ठेवून पैसे द्यायचे, नाही खपला तर माल परत. सगळा व्यवहार तोंडी. बाजारात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं आहे आणि दुकानाला सील लागेपर्यंत त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही.

घोंगडी ज्ञानूच्या वडलांची होती. मायाप्पा सांगोल्याकडं माळावर राहायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली. काही मेली, काही चाऱ्यावाचून मरतील म्हणून मिळेल त्या भावानं दिली. शेवटच्या कातरणीची लोकर तेवढी घरात राहिली होती. ज्ञानूच्या आईनं, म्हाळसाबाईनं, ती कातली, सनगरानं विणली, आणि मायाप्पा गठ्ठा एस.टी.च्या टपावर टाकून सोलापूरला लेकाकडं आला. “ही इकून चार माद्या घेतो,” म्हणाला. “चाराच्या धा हुतील. मग आमची म्हातारा-म्हातारीची काळजी न्हाय तुला.” त्या गठ्ठ्यात त्याचा सगळा कळप घडी घालून ठेवलेला होता.

आणि ज्ञानू तर झेडपीत क्लार्क. हपिसात तो डी. एम. मेटकरी. वडील काय करतात असं कुणी विचारलं तर ‘वूलनमध्ये आहेत’ असं सांगायचा, आणि समोरचा ते ऐकून धारीवालची लोकरीची गिरणी नाही पण तसलंच काहीतरी डोळ्यापुढं आणायचा, असा ज्ञानूचा समज. अशा माणसाच्या दोन खोल्यांत चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगड्यांचा वास दरवळायला लागला तेव्हा त्यानं पहिल्याच रात्री गठ्ठा रुद्रप्पाकडं नेऊन टाकला. वर बजावलं, “हे बघा, माझं नाव कुठं घेऊ नका. सरकारी नोकरीत धंदा चालत नाही.” बायकोलाही त्यानं तेच सांगितलं. त्यावर सोजर म्हणाली, “नियम हपिसाचा हाय का तुमच्या नाकाचा?” ती शिकलेली नव्हती, त्यामुळे तिला कुठला नियम कुठला ते लगेच कळायचं.

एक गोष्ट मात्र त्याला टाळता आली नव्हती. नव्या घोंगड्यांवर दर रविवारी धनगरांच्या देवाचा, बिरोबाचा, भंडारा पडला पाहिजे, असं मायाप्पानं बजावून ठेवलं होतं आणि हळदीची पुरचुंडी देऊन गेला होता. इथं हपिसाचा नियम सांगून चालेना, कारण बिरोबा हपिसात नव्हता. म्हणून दर रविवारी ज्ञानू टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या बोळातून दुकानात शिरायचा, गठ्ठ्यावर भंडारा उधळायचा, हात झटकायचा आणि तसाच मागच्या मागं बाहेर पडायचा. आपल्याला कुणी पाहिलं नाही याची त्याला खात्री होती.

संध्याकाळी तो दुकानाजवळच्याच आपल्या चाळीत आला तेव्हा कोंडीबा हवालदार ओट्यावर बसले होते. पोलिसातून रिटायर झाल्यापासून त्यांना तपासाला काहीच मिळत नव्हतं. ज्ञानूनं सहज विषय काढावा तसा काढला.

“हवालदार, माझा एक मित्र आहे. त्याचा थोडा माल एका दुकानात होता आणि त्या दुकानाला सील लागलं.”

“मित्र?” कोंडीबांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. “बरं बरं. मित्राला म्हणावं, सीलाला हात लावू नको. आत जाशील.”

“मग माल कसा सुटायचा?”

“न्हाय सुटत. मी नोकरीत असताना एका पानपट्टीला सील लावलं हुतं. पुढं काय झालं मला म्हाईत न्हाय, बदली झाली.”

शेजारच्या दारात काशम्मा विड्या वळत बसली होती. तिनं सुपातली नजर न काढता विचारलं, “तुमच्या मित्राचा माल लोकरीचा हाय का हो साहेब?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी विचारलं नुस्तं. लोकरीचा असला तर उंदीर लागतील म्हणून म्हणले. चिंचोक्याची खळ उंदराला लई आवडतंय. कुलूप काढेपर्यंत नुस्त्या दशा राहतील बघा.”

त्या रात्री ज्ञानूला झोप आली नाही. सील लावताना कोर्टानं उंदरांना बाहेर काढलं होतं की आत ठेवूनच कुलूप लावलं, याचा त्याला काही केल्या उलगडा होईना.

सकाळी तो रुद्रप्पाच्या घरी गेला. रुद्रप्पा खाटेवर बसून खिडकीतून रस्त्याकडं बघत होता. आता त्याला लपायचं कारण उरलं नव्हतं.

“ज्ञानबा, तुमचं माल तुमचंच हाय की,” तो म्हणाला. “मी कोर्टाच्या माणसाला हात जोडून सांगितलं, हे माझं नव्हं. तो म्हणाला, दिवाळखोर सगळे असंच म्हणतात.”

“मग आता?”

“आता माझ्या शब्दाला किंमत नाही. कालपर्यंत होती.” एवढं बोलून रुद्रप्पानं डोळे पुसले. ज्ञानू भांडायला आला होता, पण त्याला चहा पिऊन परत यावं लागलं.

कोर्टानं दिवाळ्याचा कारभार बघायला रिसीव्हर नेमला होता. त्याच्या कचेरीत ज्ञानूनं घोंगडी परत मिळण्याचा अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं आणि अर्ज परत सरकवला. “दुकानात घोंगडी नाहीत.”

“असतील हो. मोठा गठ्ठा आहे. काळा.”

“काळ्या सतरंज्या आहेत. घोंगडी नाहीत.”

यादी करणाऱ्या माणसानं घोंगडं बहुतेक कधी पांघरलं नव्हतं. ज्ञानू स्वतः कारकून होता. यादीत नसलेली वस्तू जगात नसते हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि आजवर त्यानंही कित्येकांना हेच सांगून परत पाठवलं होतं. तेव्हा वाद न घालता त्यानं जागच्या जागी दुसरा अर्ज लिहिला: ‘सदर काळ्या सतरंज्या माझ्या मालकीच्या आहेत.’ कारकुनानं खूश होऊन शिक्का मारला. ज्ञानूला वाटलं, चला, सरकारी भाषा येत असली की कामं होतात.

जोतीराम वकिलांनी तो अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मेटकरी, सतरंज्या तुमच्या आहेत का?”

“नाही. माझ्या एका मित्राची घोंगडी आहेत.”

“मग शपथेवर तुम्ही दुसऱ्याच्याच सतरंज्या मागितल्यात. उद्या कोर्टानं रुद्रप्पाच्या खऱ्या सतरंज्या तुमच्या डोक्यावर दिल्या तर त्या चोरीत मोजायच्या की दानात?”

ज्ञानू घाबरला. वकिलांनी दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. “वकीलपत्रावर मित्राची सही लागेल.”

ज्ञानूनं खिडकीबाहेर बघितलं, दाराकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “सही मीच करतो. माल आमचाच आहे.”

“काय म्हणालात?”

“माल आमचाच आहे.”

“हां,” वकील म्हणाले. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही. “आता नीट ऐका. खरा मालक कोण, हा प्रश्न नाही. तुम्ही आपणहून माल दुकानदाराकडे असा ठेवलात की जगाला तो त्याचाच वाटावा, तर कायदा म्हणतो तो त्याचाच. मग तो विकून, ज्यांचं त्याच्याकडून येणं आहे त्या सगळ्यांत पैसे वाटून टाकायचे. तो त्याचा नाही हे लोकांना आधीपासून माहीत होतं, असं दाखवलं तरच सुटेल. मग? लोकांना माहीत होतं का?”

“छे. मी कुणाला कळूच दिलं नाही.”

“का?”

“खबरदारी म्हणून.”

“तुमच्या खबरदारीनंच माल जायची वेळ आलीय,” वकील म्हणाले.

हे गणित ज्ञानूच्या डोक्यात शिरेना. त्यानं लपवलं ते माल नीट राहावा म्हणून. म्हणजे, अगदी खरं सांगायचं तर अब्रू नीट राहावी म्हणून. आता कोर्ट म्हणत होतं, जितकं झाकलंस तितकं घालवलंस. गाजावाजा केला असता तर माल त्याचा, गप्प बसला तर रुद्रप्पाचा. हे कुठल्या शाळेत शिकवतात? त्यानं विचारलं, आता जाऊन सगळ्यांना सांगू का? वकील म्हणाले, आता सांगून उपयोग नाही, सील लागायच्या आधी माहीत असायला हवं होतं. म्हणजे आता त्याला अशी माणसं शोधायची होती, ज्यांना, तो स्वतः जे कधीच बोलला नव्हता, ते माहीत होतं. पुढचे काही दिवस तो हपिसात बसल्या बसल्या एकेकाच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागला. हेडक्लार्क होनराव एकदा म्हणालेसुद्धा, “मेटकरी, काही बोलायचंय का?” ज्ञानू म्हणाला, “नाही साहेब, सहज.”

अशात सुनावणीची तारीख लागली, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली. आणि तिच्या आदल्या दिवशी मायाप्पा एस.टी.तून उतरला. डोक्याला पटका, हातात काठी. रविवारी सांगोल्याच्या बाजारात एका माणसाच्या माद्या बघून ठेवल्या होत्या, पैसे न्यायला आला होता. घरात पाणी पिऊन तडक रुद्रप्पाच्या दुकानाकडं गेला आणि तसाच परत आला.

“रुद्रप्पाच्या दुकानाला कुलूप का रं?”

ज्ञानूच्या तोंडाला येईल ते आलं. “जत्रेत दुकान टाकलंय त्यांनी. गड्ड्यावर.”

म्हातारा लगेच उठला आणि गड्ड्यावर गेला. दिवेलागणीला दमून परत आला. “समदी दुकानं बघितली,” म्हणाला, “पाळणंवाल्यालासुदिक इचारलं. रुद्रप्पा न्हाय गावला.” सोजरनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि नवऱ्याकडं असं बघितलं की ज्ञानूला बसल्या जागी सगळं सांगावं लागलं. सील, सतरंज्या, खबरदारी, सगळं.

मायाप्पा बराच वेळ भाकरी मोडत राहिला. रागावला असता तर ज्ञानूला बरं वाटलं असतं.

“तुला लाज वाटली व्हय रं,” तो शेवटी म्हणाला. एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच ज्ञानू थबकला. बाकावर कोंडीबा हवालदार इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. शेजारी नवं लुगडं नेसलेली काशम्मा. आणि त्यांच्या पलीकडं, हातात डबा घेऊन, साक्षात हेडक्लार्क होनराव. ज्ञानूला वाटलं, दुसऱ्या कुठल्यातरी खटल्याला आले असतील. त्यानं नमस्कार केला आणि एका खांबाआड उभा राहिला. अर्थात खांब त्याच्यापेक्षा बारीक होता.

पुकारा झाला. रिसीव्हरच्या वकिलानं सांगितलं की माल दुकानात होता, पाटी रुद्रप्पाची होती, विकत तो होता, आणि तो दुसऱ्याचा आहे याची पेठेत कुणाला गंधवार्ता नव्हती. ज्ञानूनं नकळत मान डोलावली. त्याच्या मेहनतीचं इतकं कौतुक अजून कुणी केलं नव्हतं.

मग जोतीराम वकिलांनी, ज्ञानूला न सांगता पेठेत आणि हपिसात चौकशी करून जमवलेल्या साक्षीदारांपैकी, आधी होनरावांना बोलावलं.

“आम्हाला माहीत होतं,” होनराव म्हणाले. “दर सोमवारी मेटकरींच्या बाहीला भंडारा असतो. नखंही पिवळी. सोमवारच्या आवक-जावक रजिस्टरवर सगळीकडे त्यांचे पिवळे अंगठे आहेत. मी एकदा चौकशी केली, तेव्हा कळलं की वडलांची घोंगडी रुद्रप्पाकडे जांगड आहेत. वडलांचा माल आहे, त्यात नियमाला काही अडचण नाही. पण ते सांगत नव्हते, म्हणून आम्हीही विचारलं नाही.”

काशम्मा पिंजऱ्यात उभी राहिली. “वास येतो की साहेब. रविवारी दुकानातनं घरी येताना ह्यांच्या अंगाला येतो. आणि रुद्रप्पा लिंगायत. तो कशाला बिरोबाचा भंडारा टाकेल मालावर? आख्ख्या पेठेला ठाऊक.” मग तिनं मागच्या बाकावर बसलेल्या मायाप्पाकडं बोट केलं. “आणि हे म्हातारबाबा सोलापूरला आले की दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ‘माझ्या ल्योकानं ठिवलीत. ल्योक झेडपीत हाय.’ मला तर चार येळा सांगितलंय.”

ज्ञानू दाराकडं बघायला लागला. लपायला जागा नव्हती आणि खांब तर बाहेर होता.

शेवटी कोंडीबा. न्यायाधीशांनी कागद चाळत विचारलं, “पण हवालदार, अर्जदार स्वतः तुमच्याशी बोलताना हा माल मित्राचा असल्याचं म्हणाले, असं तुमच्या जबानीत आलंय. हा मित्र कोण?”

कोंडीबा ताठ उभे राहिले. “मित्र म्हंजे हेच साहेब. दुसरा कुणी न्हाय. त्यांना बरं वाटावं म्हणून आमी मित्र म्हणत हुतो.”

कोर्टात कुणी हसलं नाही. हसले असते तर एकवेळ परवडलं असतं.

माल सुटला. न्यायाधीशांनी सांगितलं की गोष्ट पेठेत सगळ्यांना माहीत आहे हे एकट्या अर्जदाराला माहीत नव्हतं, एवढ्यासाठी त्याच्या वडलांचं नुकसान करता येणार नाही. व्हरांड्यात आल्यावर ज्ञानू वडलांना म्हणाला, “आप्पा, सगळ्यांना सांगत होतात तुम्ही?”

“मग? लेकाचं नाव सांगायला मला कुणाची चोरी?” मायाप्पा म्हणाला. “तू सांगत न्हवतास म्हून कुणीतरी सांगाय पायजे हुतं की.”

ज्ञानूनं त्याची काठी धरायला हात पुढं केला, तोवर म्हातारा पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

संध्याकाळी सील निघालं. उंदरांनी वरच्या एका घोंगड्याचा कोपरा तेवढा खाल्ला होता, बाकी गठ्ठा शाबूत होता. गठ्ठा सायकलीच्या कॅरियरला बांधायला रुद्रप्पाही आला होता. अंगात नुसता सदरा, थंडीनं ओठ काळे पडलेले. त्याचं दुकान रिकामं व्हायचं होतं, घरातल्या चांगल्या चादरीही यादीत गेल्या होत्या.

मायाप्पानं गठ्ठ्यातलं एक चांगलं घोंगडं काढलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

“नको नको, आप्पा,” रुद्रप्पा मागं सरला. “दिवाळखोराला काही घेता येत नाही. माझ्याकडं दिसलं की रिसीव्हर नेतील.”

मायाप्पा विचारात पडला. कोर्टात बसून त्यानं जे ऐकलं होतं ते सगळं तो मनात उलटंपालटं करत असावा. मग त्याचा चेहरा खुलला.

“तुला देतंय कोण? जांगड ठिवतोय. घोंगडं माझं, तू नुस्तं पांघर. नको वाटंल तवा परत कर.” त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडून घोंगड्यावर चिमूटभर भंडारा टाकला. मग लेकाकडं वळला. “पर जगाला म्हाईत पायजे म्हंतंय न्हवं कोरट? सांग की मग. तुझा आवाज मोठा हाय.”

ज्ञानूनं इकडं-तिकडं बघितलं. पानवाला बघत होता. काशम्मा सूप घेऊन चाळीच्या दारात आली होती. हपिसातले दोघे नेमके सायकली हातात धरून रस्त्याच्या पलीकडं उभे होते. डी. एम. मेटकरीनं एकदा टोपीला हात लावला, पण ती डोळ्यांवर न ओढता काढून खिशात कोंबली.

“ऐका हो समदे,” तो भर भवानी पेठेत ओरडला. “रुद्रप्पाच्या अंगावरचं घोंगडं आमचं हाय. मेटकऱ्यांचं. आमच्या आईनं कातलेलं.”

पानवाल्यानं पानाला चुना लावता लावता मान हलवली. “म्हाईत हाय की साहेब,” तो म्हणाला.